सूप आणि हेरॉन्सचा मॅनेजर

हार्लन बेकला आमच्या बेसबॉल टीमचा, हेरॉन्सचा, मॅनेजर म्हणून आणलं तेव्हा पोर्ट हॅडलीत कुणाला फारसा आनंद झाला नव्हता. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत तर त्याच्या बाजूने बोलणारा माणूस गावात औषधालाही सापडेना. मीही त्यातलाच. मी ओडेल प्रुइट. आयुष्यभर या शहराच्या बस चालवल्या. हेरॉन्स हरले की दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये चढणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मीच बदलला होता. तेव्हा या टीमपायी होणारा मनस्ताप मला नवा नाही. पण त्या वर्षी जे झालं ते लोरेनच्या वाट्याला आलं, म्हणून सांगतोय.

लोरेन सोब्चाक ही माझी शेजारीण. शाळेच्या जेवणघराची प्रमुख होती. शेकडो पोरांना एका हाकेत रांगेत उभी करायची, आणि निवृत्त झाली तरी तो आवाज काही निवृत्त झाला नाही. तिचा नवरा वारला तेव्हा स्टेडियममधली त्याची खुर्ची तिने मला दिली. "रिकामी ठेवली तर त्यावर कुणीतरी परगावचा येऊन बसेल," एवढंच म्हणाली. तिच्या दुसऱ्या बाजूला डॉमिनिक फारागाली बसतो. त्याचं गाड्यांचे सायलेन्सर दुरुस्त करायचं गॅरेज आहे, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडाला सायलेन्सर बसवायचा राहून गेलाय.

मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीची दुपारची मॅच होती. तळ्यावरून वारा येत होता. आमचा टिओ आल्मोन्ते चेंडू टाकत होता. कोवळा पोरगा, डोमिनिकन रिपब्लिकहून आलेला, हसला की सगळं स्टेडियम हसायचं. नऊपैकी सातवी इनिंग आली तरी समोरच्यांना त्याच्या चेंडूवर एकही हिट मिळाली नव्हती, आणि असं वर्षानुवर्षांत एखाद्यालाच जमतं. असं काही चालू असताना ते तोंडाने बोलायचं नसतं, दृष्ट लागते. त्यामुळे आम्ही तिघं नुसतेच शेंगा सोलत होतो. डॉमिनिकसुद्धा गप्प होता. यावरून काय ते समजा.

आणि बेक डगआउटमधून, टीम बसते त्या आडोशातून, बाहेर आला.

"पाय मोकळे करायला आला असेल," डॉमिनिक म्हणाला.

"नाही," लोरेन म्हणाली. "नाही. नाही. अरे नाही!"

बेक चालत चालत मैदानाच्या मधोमध गेला. जुना कॅचर तो, वर्षानुवर्षं उकिडवं बसून पिचरचे चेंडू झेललेले, गुडघे गेलेले, त्यामुळे चालणं डुलत डुलत. त्याने हात पुढे केला. टिओ आधी हसला, त्याला वाटलं शाबासकी आहे. मग त्याच्या लक्षात आलं, आपल्याला काढलंय. त्याने चेंडू बेकच्या हातावर ठेवला आणि मान खाली घालून चालू लागला. मग जो गोंधळ उडाला, तो मी या शहरात कधी ऐकला नव्हता.

नवा पिचर आला. त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर हिट. चौथ्या माणसाने चेंडू सरळ पार्किंगमध्ये पाठवला. हरलो.

बसने घरी येताना डॉमिनिक अखंड बडबडत होता. लोरेन मात्र काही बोलली नाही. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्किप डॉर्नीच्या रेडिओ कार्यक्रमात तिने फोन लावला. ती नेहमीच लावायची, स्किप तिला आवाजावरून ओळखायचा. पण त्या दिवशी ती पेटली होती.

"हे बघ स्किप, मी आयुष्यभर शाळेत सूप केलं. सूप छान उकळत असलं की त्याला हात लावायचा नसतो, एवढी अक्कल भांडी घासणाऱ्या पोरींनाही होती. हा माणूस चांगलं उकळतं सूप खाली उतरवतो, मोरीत ओततो, आणि वर डबाबंद सूप उघडून आम्हाला वाढतो! त्याच्या हातात टीम दिलीय? मी त्याला माझं सूप ढवळायलासुद्धा देणार नाही!"

झालं. दुपारपर्यंत ते वाक्य गावभर झालं. संध्याकाळी नातवंडांनी ते आपापल्या फोनवर आजोबांना ऐकवलं. त्या आठवड्याच्या शेवटी बेक पिचर बदलायला बाहेर आला, तर डाव्या स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "सूप!" मग उजवीकडून आलं, "सूप!" आणि मग सगळं स्टेडियम त्याच्या प्रत्येक पावलाला ठेका धरून, "सूप! सूप! सूप!"

लोरेन उठून उभी राहिली आणि तिने चारी बाजूंना हात हलवला. खोटं कशाला बोलू, आम्हीही उभे राहिलो.

जूनमध्ये क्लबच्या ऑफिसातून तिला फोन आला. चाहत्यांशी मनमोकळं बोलायचंय, सोबत एकाला आणा, म्हणाले. लोरेनने मला नेलं. याचा डॉमिनिकला इतका राग आला की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बोलावून त्याने काय काय विचारायचं ते सांगितलं.

"पहिलं म्हणजे बेकला कधी हाकलताय ते विचारा. दुसरं, मागच्या वर्षी त्या लंगड्या फर्स्ट बेसमनला टीममध्ये कुणी घेतलं? त्याचं नाव हवंय मला. आणि लोरेन, तिथलं काही खाऊ नकोस. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो."

ऑफिस स्टेडियमच्या अगदी वरच्या मजल्यावर होतं. समोर काचेची मोठी भिंत, आणि काचेखाली सगळं मैदान हिरव्या चादरीसारखं अंथरलेलं. मी इतकी वर्षं खालून ती काच बघत आलो होतो. वरून खाली बघितलं तर आमच्या खुर्च्या कुठल्या, तेच सापडेना.

जनरल मॅनेजर कीगन व्हिटलो आम्हाला भेटला. खेळाडू घेणं, विकणं, मॅनेजर नेमणं, सगळं याच्या हातात. वय पस्तिशीच्या आतलं, पायात पांढरे स्वच्छ बूट, बोलणं लोण्यासारखं. लोरेनच्या नवऱ्याचं नावसुद्धा त्याला माहीत होतं. डॉमिनिकने एवढं बजावलं असूनही आम्ही दोघांनी खेकड्याच्या वड्या खाल्ल्या.

भिंतीवर त्याने आकडे दाखवले. टिओच्या कोपराला एप्रिलपासून सूज आहे. एका मर्यादेपलीकडे त्याने चेंडू टाकले तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि दीड वर्ष घरी बसावं लागेल. शिवाय तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की त्याचे चेंडू त्यांना कळू लागतात. सगळं पटण्यासारखं होतं, आणि त्याचाच मला वैताग येत होता. मी भांडायला आलो होतो, आणि भांडायला जागाच ठेवलेली नव्हती.

लोरेनने चष्मा काढून पुसला. "कोपर दुखतंय हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"समोरच्या टीमला कळतं ना मग, मिसेस सोब्चाक."

"बरं. आणि हे बेकने कधी ठरवलं? सातव्या इनिंगमध्ये?"

"नाही नाही, हे सगळं सकाळीच ठरलेलं असतं." मग तो किंचित थांबला. "म्हणजे, आम्ही सगळे मिळून आराखडा करतो. शेवटचा निर्णय अर्थातच हार्लनचा."

"सकाळी? मॅचच्या आधी?"

"आराखडा."

"मग मॅच कशाला खेळता? निकालही सकाळीच कळवत जा, आम्ही घरची कामं उरकू."

व्हिटलो मनापासून हसला. तिने काहीही म्हटलं तरी तो मनापासून हसत होता. निघताना त्याने आम्हाला एकेक जॅकेट दिलं, पाठीवर हेरॉन्सचं चिन्ह, बगळा, भरलेलं, आणि लोरेनचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्यासारख्या लोकांमुळेच हे शहर आहे. बोलत राहा."

लिफ्ट खाली निघाली, एका मजल्यावर थांबली, आणि आत हार्लन बेक आला.

लिफ्ट लहान होती. तो आम्हाला बघून मान हलवून पाठ करून उभा राहिला. मग लोरेन माझ्याशी काहीतरी कुजबुजली, आणि तो हळूच वळला. रेडिओवरचा आवाज कुजबुजला तरी लपत नाही.

"तुम्हीच त्या?" त्याने विचारलं.

"मीच ती," लोरेन म्हणाली.

त्याने टोपी काढली. जवळून तो टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा म्हातारा दिसत होता. कॅचरची बोटं, प्रत्येक वेगळ्या दिशेला गेलेलं. "माझी बायको रोज सकाळी तो कार्यक्रम ऐकायची," तो म्हणाला. "जोआनला स्वयंपाकघरात रेडिओशिवाय करमत नाही. आता बंद ठेवते."

लोरेन लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली. लिफ्ट खाली पोचली. मागच्या दारापाशी हिरवळीची यंत्रं ठेवतात, तिथे आम्ही तिघं बाहेर आलो, आणि तेवढ्या वेळात तिने स्वतःला सावरलं.

"एकच सांगा मला. त्या दिवशी टिओला तुम्ही काढलंत का?"

"मी चालत गेलो."

"मी ते नाही विचारलं."

"तेवढंच माझं काम आहे, बाई. चालत जायचं. कधी जायचं ते वरून ठरतं." त्याने बोटाने वर दाखवलं, आणि लगेच हात खाली घेतला. "त्या दिवशी मी डगआउटमधल्या फोनवरून त्यांना म्हटलं, अजून एक इनिंग द्या, पोरगा गाणं म्हटल्यासारखा टाकतोय. नाही म्हणाले. कदाचित बरोबरही असेल त्यांचं. कोपर त्याचं आहे, माझं नाही. पण तो आत आल्यावर मला विचारतो, का काढलंत? आणि मी त्याला काय सांगितलं? मला वाटलं तू थकलास. खोटंच सांगितलं त्याला."

"मग सांगा की खरं! सगळं गाव तुम्हाला शिव्या घालतंय!"

"शिव्या खाणं हेही कामातच आहे. त्यासाठीच तर मॅनेजर ठेवतात." तो हसला. "हे इथेच राहू द्या. माझं जाईल तेव्हा जाईल, पण मी बरोबर दोन कोच आणलेत. एकाच्या घरी तिसरं मूल येतंय. वरच्यांविरुद्ध बोललेल्या माणसाला या खेळात पुन्हा कुणी उभं करत नाही, आणि त्याच्या माणसांनाही नाही. शब्द द्या मला."

लोरेनने शब्द दिला. मीही दिला. आज हे सांगतोय, कारण त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलंय आणि तो आणि त्याचे दोन्ही कोच या धंद्यातून सुखरूप बाहेर पडलेत.

दुसऱ्या दिवशी डॉमिनिकच्या गॅरेजमध्ये आमची हजेरी झाली. तो एका गाडीखाली होता. चाकाच्या फळीवरून सरकत बाहेर आला आणि आधी आमच्या अंगाकडे पाहिलं.

"जॅकेट दिलं ना? मापाचं आहे?"

"डॉमिनिक, बेकचा नाद सोड," लोरेन म्हणाली. "वर बघ जरा."

"काय खाल्लंत तिथे?"

"विषय तो नाही."

"काय खाल्लंत?"

"खेकड्याच्या वड्या," मी म्हणालो.

"वाटलंच!" डॉमिनिकने पान्हा आपटला. "वड्या दोन खाल्ल्या आणि बेक देवमाणूस झाला! काय म्हणाले ते सांग की. काहीतरी कारण असेल ना तुझ्याकडे?"

"आहे. सांगता येत नाही."

"सांगता येत नाही! ओडेल, ऐकलंस? सबंध आयुष्यात या बाईला सांगता येत नाही अशी गोष्ट आजवर झाली नव्हती, ती आज झाली!"

लोरेन चिडून निघाली, आणि मी तिच्या मागून. जॅकेट तिने घराच्या मागच्या खोलीत खिळ्याला टांगलं ते पुन्हा घातलं नाही.

खरा ताप पुढेच होता. तिला आता ते "सूप" थांबवायचं होतं, आणि ते थांबेना. बेक बाहेर आला की आमच्या मागच्या रांगेतले लोक तिच्याकडे वळून बघायचे, चर्चमध्ये पाद्र्याच्या पहिल्या शब्दाची वाट बघावी तसे. ती हातवारे करून नको नको म्हणायची. लोकांना वाटायचं ती ठेका देतेय. "सूप! सूप!" अजून मोठ्याने. तिने स्किप डॉर्नीला फोन लावला.

"स्किप, हे सूपबिप बंद करायला सांग लोकांना. मी चुकले होते. माणसाला मान द्यायला हवा."

स्किप पलीकडे खो खो हसत होता. "ऐका मंडळी, आपली लोरेन! काय गंमत करते! तिच्याच शब्दांत ऐकू या पुन्हा..." आणि त्याने मे महिन्यातला तिचा तोच आवाज पुन्हा लावला. मोरीत ओततो, डबाबंद सूप उघडतो, सगळं. लोरेन फोन हातात धरून स्वतःलाच ऐकत उभी होती. मी तिच्या ओट्यावर पाव कापत होतो. तिने फोन ठेवला, आणि मी कापलेला पाव तिने पुन्हा कापायला घेतला.

जुलैत तर कडेलोट झाला. स्टेडियममध्ये टोमॅटो सूप विकायला आलं! भर उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागलेल्या, आणि कागदी पेल्यात गरम सूप, पेल्यावर चमचा धरलेला बगळा. क्लबनेच काढलं होतं. लोकांच्या रांगा लागल्या. डॉमिनिकने तीन पेले आणले.

"घे. तुझंच आहे."

"डॉमिनिक," लोरेन शांतपणे म्हणाली, "आपल्याच मॅनेजरला शिव्या घालायला आपलाच क्लब लोकांना सूप विकतोय. तुला यात काही खटकत नाही?"

डॉमिनिकने विचार केला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये टीम सलग हरू लागली आणि बेकला काढलं. आम्ही तेव्हा गॅरेजमध्येच होतो. कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर व्हिटलो, तोच पांढऱ्या बुटांचा, मागे हेरॉन्सचा पडदा. "हा निर्णय सोपा नव्हता," तो म्हणाला. "पण पोर्ट हॅडलीच्या लोकांचा आवाज आम्ही ऐकला." आणि चॅनलवाल्यांनी त्याच्या बोलण्याच्या मागे काय लावावं? लोरेनचा आवाज. सूप.

डॉमिनिकने बीअरचे डबे उघडले, मेकॅनिकांना वाटले, लोरेनला मिठी मारायला गेला. "अगं तू जिंकलीस! एका माणसाने मॅनेजर पाडला! इतिहास आहे हा!"

"लांब हो."

"काय झालं?"

"माझं नाव पुढे करून त्यांनी त्याला काढलं. लोकांचा आवाज म्हणे! तेच ठरवतात, तेच करतात, आणि बंदूक माझ्या खांद्यावर!" तिचे डोळे भरले होते. डॉमिनिकने आजवर तिला नवऱ्याच्या दफनाच्या वेळी सोडून रडताना पाहिलं नव्हतं. तो बिचारा डबा हातात धरून उभाच राहिला. वैताग असा की तिला त्याला नीट कारणही सांगता येईना.

दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली. "गाडी काढ. बेककडे जायचंय."

"कशाला?"

"त्याने शब्द परत द्यावा म्हणून. आता त्याची नोकरी गेलीच आहे. मी रेडिओवर जाऊन सगळं सांगते."

त्यांनी तळ्याकाठी भाड्याने घर घेतलं होतं. अंगणात खोकी रचलेली. दार जोआन बेकने उघडलं. उंच, पिकले केस मागे बांधलेले, हातात चिकटपट्टीचं रीळ. लोरेनने तोंड उघडलं न उघडलं तोच तिने ओळखलं. काय बोलली होती लोरेन? फक्त "नमस्कार, मी".

"तुमचा आवाज फार चांगला आहे," जोआन म्हणाली. "स्पष्ट. लांबपर्यंत जातो. आमच्या नातीच्या शाळेपर्यंत गेला, ओक्लाहोमात. तिला तिथे पोरं सूप म्हणतात."

लोरेनने नाताळात करते तसा खसखशीचा रोल करून आणला होता. तो दोन्ही हातांत धरून ती पायरीवर उभी. "मी माफी मागायला आलेय."

"मग मागा. सामान न्यायला ट्रक यायचाय."

"माझं चुकलं," लोरेन म्हणाली. "ज्याला बोलायचं त्याला नाही बोलले, समोर दिसला त्याला बोलले."

"ठीक आहे" असं जोआन म्हणाली नाही. रोल मात्र घेतला आणि आत जाऊन हार्लनला पाठवलं.

बेक बाहेर पायरीवर येऊन बसला. लोरेनने आपली मागणी सांगितली. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नको. टेक्सासात एका लहान टीमशी बोलणं चाललंय. खालच्या दर्जाची टीम आहे, पण खेळ तोच आहे. तुम्ही रेडिओवर बोललात तर ते म्हणतील, मीच तुम्हाला शिकवून पाठवलं. आणि माझे दोघं अजून इथेच आहेत. हंगाम संपेपर्यंत तरी."

"म्हणजे मी गप्प बसायचं? माझ्या आवाजाने तुमचं वाटोळं केलं आणि आता तोच आवाज चालत नाही?"

"हो," बेक म्हणाला. "वैताग आहे खरा." आणि मग तिचा चेहरा बघून पुढे म्हणाला, "टिओचं कोपर बरं होतंय. आकडेवाल्यांचं तेवढं बरोबर होतं. ते लक्षात ठेवा. सगळंच चूक नसतं त्यांचं, म्हणून तर भांडता येत नाही."

परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. "ओडेल," मध्येच म्हणाली, "मी बोलणार नाही म्हणून शब्द दिलाय. बरोबर?"

"बरोबर."

"फक्त बोलणार नाही म्हणून."

मला काही कळलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या मॅचला कळलं.

नवा मॅनेजर आला होता, कोडी रॅन्स्लर म्हणून. तरणाबांड, टीव्हीवर छान दिसायचा. सहावी इनिंग. टिओ व्यवस्थित टाकत होता, आम्ही एका रनने पुढे. रॅन्स्लर डगआउटमधून बाहेर आला. लोकांत आधी कुरकुर, मग आरडाओरडा. डॉमिनिक तर उठून उभा राहिला, "अरे हाही तसलाच! कुठून शोधून आणतात असले! याला कोण..."

आणि लोरेन उठली, मैदानाकडे पाठ केली, हाताची घडी घातली, आणि मान वर करून वरच्या ऑफिसच्या त्या काचेकडे बघत राहिली.

"काय करतेस?" डॉमिनिक ओरडला. "मैदान तिकडे आहे!"

तिने मान आणखी वर केली.

"लोरेन! मागचे लोक बघताहेत! खाली बस! तब्येत बरी आहे ना?"

मी उठलो आणि तिच्या शेजारी तसाच उभा राहिलो. गुडघे कुरकुरले, मान दुखली, आणि समोर मागच्या रांगेतली एक बाई हॉटडॉग तोंडाशी धरून माझ्याकडे बघत राहिली. "वर काय आहे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, मी नुसता बघतोय." तिनेही मान वळवून वर बघितलं.

पुढच्या मॅचला पिचर बदलला तेव्हा पुन्हा. त्याच्या पुढच्या मॅचला पुन्हा. आधी आमची रांग उठायची, मग मागची, मग पलीकडचा स्टँड. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं. रॅन्स्लर चालत मैदानात जायचा आणि पाच-सहाशे लोक त्याच्याकडे पाठ करून वर काचेकडे बघत उभे. रेडिओवर स्किपने लोरेनला फोन केला, हे काय प्रकरण आहे म्हणून. "मी कुठे काय बोलले?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या महिन्याच्या शेवटी मॅच चालू असताना त्या काचेला आतून पडदे लावलेले दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

डॉमिनिक शेवटपर्यंत उठला नाही. "मूर्खपणा आहे," म्हणायचा. "पिचर कोण बदलतंय ते समोर दिसतंय, आणि हे लोक छताकडे बघताहेत!" दर मॅचला त्यावरून भांडण. एकदा तर त्याने तिची आणि माझी बीअर आणायलाच नकार दिला.

याने काही बदललं असं म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. हंगाम संपला, आम्ही खालून दुसरे. हिवाळ्यात व्हिटलोला बढती मिळाली, तो सगळ्या क्लबचा अध्यक्ष झाला. बेक टेक्सासला गेला. त्याचे दोन कोच नव्या वर्षी त्याच्याकडेच गेले, तिसऱ्या बाळासकट. जोआनकडून लोरेनला काही आलं नाही, आणि येईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फ असताना, डॉमिनिकने आम्हा दोघांना गॅरेजमध्ये बोलावलं. टीव्ही चालू होता. टिओ आल्मोन्तेला सिअ‍ॅटलच्या टीमला देऊन टाकलं होतं. बदल्यात दोन पोरं, ज्यांची नावं आमच्यापैकी कुणी ऐकली नव्हती. त्याचं कोपर आता एकदम ठणठणीत झालं होतं, म्हणूनच त्याला भाव आला होता.

डॉमिनिक गाडीखाली गेला नव्हता, काही आपटतही नव्हता. स्टुलावर बसून तेलकट फडक्याने हात पुसत होता, पुसलेलेच.

"हे काय रॅन्स्लरने नाही केलं," तो शेवटी म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

"मॅनेजरला काय अधिकार असतो एवढा. तो बिचारा..." तो थांबला. लोरेनकडे न बघता म्हणाला, "तू म्हणत होतीस ते..."

"मी काही म्हणत नव्हते," लोरेन म्हणाली.

"अगं पण तुला माहीत होतं!"

"मी काही म्हणाले का? ओडेल, मी काही म्हणाले?"

"एक अक्षर नाही," मी म्हणालो.

"बघ, बघ!" डॉमिनिक उसळला. "वर्षभर माहीत असून गप्प बसली! आणि मी तिथे एकटा खुर्चीत बसून त्या रॅन्स्लरवर ओरडतोय, गाढवासारखा! मैत्रीण म्हणवतेस? दोन शब्द कानात सांगायला काय झालं होतं?"

"तुझ्या कानात सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं."

"ही दुसरी! रेडिओवर कोण ओरडलं होतं, मी?"

भांडण जुंपलं ते चांगलं तासभर चाललं. सिअ‍ॅटलवाल्यांनी आपल्याला गंडवलं की आपणच मूर्ख, त्या दोन पोरांतला डावखुरा बरा निघेल की नाही, व्हिटलोला अध्यक्ष करणाऱ्या मालकाचं डोकं ठिकाणावर आहे का, सगळं झालं. मी मध्येच उठून कॉफी ठेवली, कारण बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता आणि दोघांपैकी कुणी घरी जायच्या बेतात दिसत नव्हतं.